जिभेखालचा थेंब

काउंटरवरच्या माणसानं चिठ्ठी उजेडाकडे धरली, ओठ हलवत वाचली आणि गिऱ्हाइकाचं दुखणं सगळ्या पेठेला कळावं अशा आवाजात आतल्या माणसाला हाक दिली, "अरे, ते विजयाचं तेल आलंय का बघ. भांगेचं रे. इथं मॅडमना पाहिजे." आतून कुणी तरी काही तरी बोललं. तो हसला. त्याच्या हसण्याला मागच्या दोघातिघांनी आपापलं हसू जोडलं, पंगतीत एकानं पान पुढं केलं की शेजारचीही पानं सरकतात तसं. प्रज्ञा काचेवर ठेवलेल्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. "आईला फार दुखतंय. जरा लवकर द्या," ती एवढंच म्हणाली, आणि एवढंच म्हणाली तिथंच फसली. मागं उभ्या असलेल्या, पांढरी टोपी घातलेल्या आजोबांनी मान पुढं काढली. "अहो, हा आवाज ओळखीचा आहे. तुम्ही रेडिओवरच्या बाई ना? वार्तापत्र सांगता त्या? आमच्या घरी रोज सकाळी तुमचा आवाज लागल्याशिवाय चहा गाळत नाहीत." सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग काचेवर येऊन उभ्या राहिलेल्या त्या बोटभर बाटलीकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. आजोबांच्या डोळ्यांत खराखुरा आनंद होता. त्या आनंदाचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

बाहेर ऊन असं तापलं होतं की नगरच्या दिल्ली गेटची कमान आपली सावली पोटाशी घेऊन उभी होती. प्रज्ञानं बाटली पर्सच्या आतल्या कप्प्यात, रुमालात गुंडाळून ठेवली, आणि गुंडाळताना आपण चोरासारखं का गुंडाळतोय असं वाटून तिनं रुमाल सोडला, आणि मग बाटली फुटेल म्हणून पुन्हा गुंडाळली. स्कूटर सुरू केली नाही. तिला ओरडायचं होतं. त्या काउंटरवरच्याला, आतल्याला, हसणाऱ्यांना, टोपीवाल्या आजोबांनाही. पण ओरडायचं म्हटलं की तिच्या गळ्यात एक मऊ गोळा यायचा. इतक्या वर्षांत तिनं हा गळा कमावला होता, पहिलवान मांड्या कमावतो तसा. पुणतांब्याची पोर, बोलताना 'ण'चा 'न' करणारी, 'हाय' आणि 'न्हाई' म्हणणारी. तिनं एकेक अक्षर घासून लख्ख केलं होतं. सुरुवातीलाच केंद्रावरच्या साहेबांनी सांगितलं होतं, बातमी कसलीही असो, ऐकणाऱ्याच्या चहात माशी पडता कामा नये. तिनं कुणाच्याच चहात कधी माशी पडू दिली नाही. पूर सांगितले, अपघात सांगितले, मढ्यांचे आकडे सांगितले, साखर घालून सांगितले. मागच्याच आठवड्यात तिनं सांगितलं होतं, अमुक शिवारात तुरीच्या ओळींमध्ये लावलेली गांजाची झाडं पोलिसांनी उपटली आणि शेतकऱ्याला ताब्यात घेतलं. सांगताना तिच्या पर्समध्ये त्याच झाडाच्या पानांच्या या तेलाची आधीची बाटली होती. आणि त्याच वार्तापत्रात पुढची बातमी जत्रेची होती. जत्रा म्हटल्यावर तिला तो म्हातारा साधू आठवला होता. ध्वनिमुद्रणाला गेली होती तेव्हा पाहिलेला. राखेनं माखलेला, चिलमीचा झुरका घेऊन डोळे मिटून बसलेला, आणि त्याच्यापुढं बंदोबस्तावरचा हवालदार टोपी काखेत घेऊन वाकलेला. साधूनं त्याच्या डोक्यावर धूर सोडला. हवालदारानं तो धूर दोन्ही हातांनी तोंडावरून फिरवून घेतला. तिथं तो गांजा प्रसाद होता. तुरीत तो गुन्हा होता. आणि हाडं कुरतडली जाणाऱ्या बाईच्या जिभेखाली गेला की तो विनोद होता.

तिनं स्कूटर सुरू केली. सावेडीच्या रस्त्यानं गरम वारा तोंडावर मारत होता आणि हेल्मेटच्या आत तिचा श्वास तिलाच ऐकू येत होता, दुसरंच कोणी तरी आत बसून दात खात असल्यासारखा. आईच्या, आक्काबाईच्या, छातीतलं दुखणं काढून टाकलं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं संपलं. दुखण्याला माहेरची वाट पाठ असते. ते परत आलं आणि छाती सोडून हाडांत उतरलं. पाठीच्या कण्यात, मांडीत, बरगडीत. पुणतांब्याचं घर बंद करून प्रज्ञानं आईला नगरला आणलं. मोठ्या डॉक्टरांनी कागद बघितले, टेबलावरची टाचणी इकडची तिकडे केली आणि म्हणाले, "आता घरीच सेवा करा." सेवा. तो शब्द प्रज्ञाच्या दातात अडकून राहिला, मेथीच्या काडीसारखा. दुखण्यावर काय द्यायचं विचारलं तर ते म्हणाले, तसल्या कडक गोळ्या इथं सहजी मिळत नाहीत, पुण्याला जा. पुण्याला गेली. मिळाल्या. त्या गोळ्यांनी आई ओकत राहिली, भिंतीशी बोलत राहिली, पोट दगडासारखं झालं, आणि एका सकाळी तिनं प्रज्ञाला ओळखलं नाही. शुद्ध आली तेव्हा म्हणाली, "ह्या नगं. ह्यांनी दुखनं ऱ्हातं आन् मीच जाते." मग नुसतंच दुखणं उरलं. आई कण्हायची नाही. ती ओवी म्हणायची. दात आवळून, जात्याची दांडी धरल्यासारखी पलंगाची कड धरून, अर्ध्या श्वासात म्हणायची:

दुखनं आलं गं बाई, आलं उंबऱ्याच्या आत
बसाया मागतं पाट, जेवाया मागतं भात.

आधी प्रज्ञाला वाटलं जुनी असेल. पुणतांब्याला पहाटे आई आणि चुलत्या जात्यावर बसायच्या, घरघरीतून भीमाच्या ओव्या निघायच्या, पीठ सुपात पडायचं आणि शब्द पोरांच्या झोपेत. प्रज्ञाचा गळा खरा तिथं घडला, रेडिओवर तर तो नुसता धुतला गेला. पण ही ओवी तिथली नव्हती. आईनं ती याच पलंगावर, या सावेडीच्या दोन खोल्यांत, भिंतीकडे तोंड करून रचली होती. एवढं दुखत असताना बाई यमक जुळवते, याचा प्रज्ञाला अभिमान वाटायला हवा होता. तिला संताप आला. ज्या जगात असल्या बाईला असलं दुखणं येतं आणि डॉक्टर टाचणी सरकवतो, त्या जगाला आग लावावी असं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माइकपुढं बसून त्याच जगाला मधाळ आवाजात नमस्कार घातला.

तेल तिला वैजनाथ वैद्यांनी लिहून दिलं. पुस्तकांच्या गठ्ठ्यांमागं बसलेला म्हातारा माणूस. त्यांनी सगळं विचारलं, आईला झोप किती, भूक किती, कळ कोणत्या हाडात पहिली येते. मग म्हणाले, भांगेच्या पानांचं आहे, आपल्या ग्रंथांत विजया म्हणतात, चिठ्ठीवर मिळतं, कायद्यात बसतं, घाबरायचं कारण नाही. रोग बरा होणार नाही. दुखणं जरा लांब जाऊन बसेल. जिभेखाली दोन थेंब, आणि काही वेळ गिळायचं नाही. उठताना त्यांनी विचारलं, "आजींना कल्पना दिलीय ना?" प्रज्ञा म्हणाली, "हो." तो 'हो' तिनं इतका सहज म्हटला की तो खोटा आहे हे तिला जिन्यात आल्यावर कळलं. कल्पना कशी देणार होती? बाप रंभाजी, साखर कारखान्याच्या गव्हाणीवर कामाला होता आणि पगार हातात पडला की दुकानाच्या बाकावर. आक्काबाईनं गावातल्या बाया गोळा केल्या आणि दुकान बंद करायला मतदान लावलं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. वाचता न येणाऱ्या बायांना ती दारोदार सांगत फिरली, "बायांनो, उभ्यावर भुलू नका, उभ्यानंच आपला घात केलाय. पडल्यालीवर शिक्का मारा." बाया तोंडाला पदर लावून हसल्या आणि त्यांनी शिक्के मारले. दुकान बंद झालं. रंभाजी शेजारच्या गावाला पिऊन कालव्याच्या कडेनं घरी येऊ लागला आणि एकदा आला नाही. लोक म्हणाले, पाय घसरला. भाऊबंद म्हणाले, छातीत कळ आली असं सांगू, कारखान्याकडून काही तरी मिळेल. आक्काबाई मढ्याशेजारी बसून म्हणाली, "दारूनं मेला. माझ्या दारात खोटं सांगू नका कुनी." तेव्हापासून पुढं रोज सकाळी ती पाच शीलं म्हणायची, चूल पेटवायच्या आधी, आणि पाचव्याशी, नशापाणी करणार नाही याच्याशी, तिचा आवाज असा खणकन वाजायचा की शेजारी सुद्धा शुद्धीवर यायचे. त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं, आई, तुझ्यासाठी भांग आणलीय?

म्हणून प्रज्ञानं सांगितलं, ब्राह्मीचं तेल आहे, झोपेचं. माइकपुढं बोलते त्याच आवाजात सांगितलं. आईनं जीभ उचलली.

आणि दुखणं खरंच उठून बाहेर गेलं. घर सोडून नाही गेलं. चपला काढून उंबऱ्याबाहेर बसलं, आतली चाहूल घेत. पण आत आई झोपली. झोपेत तिचं तोंड उघडं पडलं, लहान मुलीसारखं, आणि प्रज्ञा दारात उभी राहून तिच्याकडे बघत राहिली, हलली तर मोडेल म्हणून. काही दिवसांत आईनं भाकरी मागितली, वर ठेचा मागितला, ठेच्यात लसूण कमी पडला म्हणून नावं ठेवली. केसांना तेल लावून घेतलं. गॅलरीत खुर्ची टाकून बसली आणि खालच्या मजल्यावरच्या बायडाबाईला वरून टोमणे मारू लागली, "बायडे, तुझ्या धुन्याला साबन लावतीस का नुसता धाक दाखवतीस?" बायडाबाई पाथर्डीकडची, ऐकून घेणारी नव्हती. "आक्का, तुमी आजारीच बऱ्या हुतात, निदान गप तरी हुतात." दोघी हसायच्या. प्रज्ञा कामावर गेली की हीच बायडाबाई वर येऊन आईपाशी बसायची. त्या दिवसांत प्रज्ञाला वाटलं, आपण एक खोटं बोललो आणि त्याच्या बदल्यात केवढं तरी खरं मिळालं. हिशेब जमत होता. कधी कधी खोटं म्हणजे नुसती चाळणी असते, तिच्यातून खरंच तेवढं खाली पडतं, असंही काही तरी तिनं स्वतःला सांगून ठेवलं होतं, आणि तेही त्याच गोड आवाजात.

मग गेल्या रविवारी सम्राट आला. धाकटा भाऊ, राहात्याला शाळेत मास्तर, आणि समाजात बौद्धाचार्य. लग्नं लावतो, नामकरणं करतो, पांढऱ्या शर्टात उभा राहून शेकडो माणसांना त्रिसरण-पंचशील देतो. त्या दिवशीही कुठलं तरी लग्न लावूनच आला होता, शर्टाच्या खिशाला गुलाल नव्हता पण फुलाची एक पाकळी चिकटली होती. बायडाबाई आईच्या उशाशी होती. थेंब द्यायची वेळ झाली म्हणून तिनं बाटली उघडली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. "अगं बया. ह्यो तर भोळ्या शंकराचा परसाद. शिवरात्रीला आमच्या मामंजींच्या मिशांना आसाच वास यायचा. आक्का, तुमी गुपचूप आमच्यात आलात म्हनायचं." तिला वाटलं, हसतील. कुणी हसलं नाही. सम्राटनं बाटली तिच्या हातून घेतली, चष्मा कपाळावर सरकवून वाचली.

"ताई, भांग? तू आईला भांग पाजतेस?"

"औषध आहे ते. वैद्यांनी दिलंय."

"दारू पण औषध म्हणूनच सुरू होते. बाबांना विचार."

"बाबा मेलेत सम्या."

"तेच म्हणतोय मी."

आणि त्यानं मोरीत जाऊन बाटली उपडी केली. नळ सोडला. पण तेल पाण्यानं जात नाही. मोरीभर हिरवट तवंग पसरला आणि त्याच्यावरून पाणी नुसतं घरंगळत राहिलं. तो गेल्यावर प्रज्ञा कितीतरी वेळ भांड्याच्या साबणानं ती मोरी घासत होती, आणि घासताना तिला वाटत होतं, हे बोटानं पुसून आईच्या जिभेला लावावं. आईनं सगळं ऐकलं होतं. ती सम्राटकडे बघत नव्हती, बायडाबाईकडेही नाही. ती प्रज्ञाकडे बघत होती. मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

तेव्हापासून तिनं दात मिटले. दुखणं उंबऱ्यावरून उठून आत आलं आणि ह्या वेळी त्यानं पाटसुद्धा मागितला नाही, सरळ पलंगावर बसलं. प्रज्ञानं समजावलं. शील माणसासाठी असतं, माणूस शीलासाठी नसतो, असं म्हणाली. नशा म्हणजे भान सुटणं, तुझं भान तर दुखण्यानं सुटतंय, असं म्हणाली. भन्तेजी सुद्धा आजारात औषध घेतातच, म्हणाली. वाद घालताना तिचे मुद्दे एकाहून एक सरस व्हायचे आणि आईचा जबडा एकाहून एक घट्ट. मग प्रज्ञाला आईचाही राग येऊ लागला. हा राग तिनं कुणाला सांगितला नसता. पलंगावर पडलेल्या, मांडीच्या हाडात मुंग्यांचं वारूळ घेऊन पडलेल्या बाईचा राग. तिच्या ताठपणाचा, तिच्या त्या खणखणीत पाचव्याचा, तिच्या बाटलीच्या मतदानाचासुद्धा. सगळं आयुष्य या बाईनं बरोबर राहण्यात घालवलं आणि आता बरोबर राहूनच ती मरणार, आणि आपण बाजूला उभं राहून बघायचं. स्कूटर घराच्या गल्लीत वळली तेव्हा प्रज्ञाच्या लक्षात आलं की आपण मघापासून हेल्मेटच्या आत मोठ्यानं बोलतोय, आणि जे बोलतोय त्यातला एकही शब्द रेडिओवर चालला नसता.

खाली सम्राटची मोटरसायकल उभी होती. बायडाबाई जिन्याच्या पायरीवर बसली होती, तोंडावर पदर.

"लई कळ आलीया गं तिला. मी म्हनलं भाऊला फोन लावावा. आला. पन त्याला बी बघवंना, गॅलरीत जाऊन हुबा हाय." मग पदर काढून म्हणाली, "माझ्या जिभेला काय हाड हाय का गं? मी गमतीनं म्हनलं हुतं."

"तुमचं काही नाही बायडामावशी," प्रज्ञा म्हणाली, आणि ते खरं होतं की खोटं याचा विचार न करता वर गेली.

आई कुशीवर, गुडघे पोटाशी. पलंगाची कड धरलेली बोटं पांढरी पडलेली. ओवी नव्हती. ओवीला लागतो तेवढाही श्वास नव्हता. गॅलरीत सम्राट पाठमोरा. तो वळला आणि तिच्या पर्सकडे बघून म्हणाला, "आणलीस पुन्हा?"

"आणली."

"ताई, तिची इच्छा नाही. तिचं शील आहे ते. आपण कोण मोडणारे?"

"तू इकडे ये," प्रज्ञा म्हणाली. "तिथून नाही, इथून बघ. इथं पायाशी उभा राहून बघ आणि मग सांग मला शील." आवाज तिचा नव्हता. म्हणजे तिचाच होता, पुणतांब्याचा, धुण्याआधीचा, फाटका. "लोकांच्या लग्नात शर्टाला इस्त्री करून पाच शीलं वाटतोस. हितं रोज तिला उचलतं कोन? तिचं हागनं-मुतनं काढतं कोन? आज त्या दुकानात माझ्याकडे बघून लोक हसले सम्या. माझ्या आवाजावरून ओळखलं मला. तू कुठं हुतास?"

सम्राट आत आला आणि पलंगाच्या पायाशी उभा राहिला. तेवढंही तिला पुरलं नाही. तिनं बाटली उघडली, काचेच्या नळीत तेल ओढलं आणि आईपाशी वाकली. "आई, तोंड उघड." आईनं उघडलं नाही. "उघड म्हणते ना." आणि तिनं आईचा जबडा धरला. अंगठा एका गालावर, बोटं दुसऱ्या. कातडीखाली दात लागले, हाड लागलं, वाळक्या बोरीच्या काटकीएवढं. एवढंच हाड आणि एवढा हट्ट. ती दाबत होती. आपण दाबतोय हे तिला दिसत होतं आणि हात सुटत नव्हता.

आईनं डोळे उघडले. "सोड," ती दातांमधून म्हणाली.

हात सुटला. गालावर बोटांचे ठसे उमटले होते.

"काय हाय त्यात?" आईनं विचारलं.

"तुला माहितीये."

"तुझ्या तोंडानं सांग."

प्रज्ञानं सम्राटकडे पाहिलं. तो खाली बघत होता. "भांगेचं तेल आहे," ती म्हणाली. "गांजाचं झाड असतं ना, त्याच्याच पानांचं. दुखणं कमी होतं त्यानं. बरं होत नाही."

"आन् तवा काय सांगितलं हुतंस?"

"ब्राह्मीचं."

आई थांबली. कळ तिच्या तोंडावरून गेली, वावरावरून ढगाची सावली सरकते तशी, आणि तिनं ती जाऊ दिली. मग बोलली, मध्ये मध्ये श्वास टाकत. "पाचव्याचं माझं मी बघितलं असतं. मला का नाचाया पाहिजे हुतं ते? दुखन्याला पाहिजे हुतं. पन तू चवथं मोडलंस. माझ्याशी मोडलंस. गोड बोलून. तुझा बाप प्याला तरी मला खोटं न्हाई बोलला कदी, दारातनंच सांगायचा, आलो पिऊन."

खोटं बोलणार नाही. चौथं. प्रज्ञानं आठवडाभर पाचव्याशी कुस्ती खेळली होती आणि आई त्या आखाड्यात आलीच नव्हती.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," ती म्हणाली.

"म्हनले असते कदाचित. पन ती न्हाई माझी आसती." आई सम्राटकडे वळली. "आन् तू बी. हिनं इचारल्याबिगर पाजलं, तू इचारल्याबिगर वतलंस. दोघं मिळून माझ्या तोंडाचे मालक झालात. मी हितं हाय का न्हाई, येकानं तरी बघायचं." ती पुन्हा थांबली. पलंगाची कड सोडली, पुन्हा धरली. "दे आता."

प्रज्ञा पुढं झाली. आईनं मान हलवली. "तू न्हाई. त्यो."

"आई, मी?" सम्राट म्हणाला. "मी लोकांना शील देतो आई."

"मंग मला थेंब दे."

सम्राटनं नळी घेतली. त्याचे हात, लग्नात अक्षतांऐवजी फुलं उधळायला सांगणारे ते स्वच्छ हात, आईच्या तोंडाशी आले. पहिला थेंब हनुवटीवर पडला. प्रज्ञाला ती नळी हिसकावून घ्यावीशी वाटली. किती वेळा तिनं हेच काम न सांडता केलं होतं. चुकून गादीवर सांडला तर? पण तिनं हात मागं बांधून ठेवले. आईनं जीभ उचलली. दोन थेंब गेले. आईनं तोंड मिटलं आणि न गिळता, डोळे मिटून पडून राहिली. तिचा एक हात सम्राटच्या मनगटावर होता. प्रज्ञाकडे दुसरा हात आला नाही. ती वाट बघत होती हे तिला तो न आल्यावर कळलं. राग आला. जिनं उचललं, धुतलं, लोकांचं हसू खाल्लं, तिला बाजूला उभं करून आईनं हे काम मुलाच्या पदरात घातलं. शिक्षा कुणाला होती आणि मान कुणाला, काही कळेना. तो राग गिळायचा नाही असं तिनं ठरवलं. राहू दे जिभेखाली.

हळूहळू आईची बोटं मनगटावर सैल झाली. सम्राटनं बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, नीट लावलं.

"परत कधी द्यायचं?"

"संध्याकाळी."

"संध्याकाळी मी राहात्याला..."

"आई म्हणाली तुझ्या हातानं."

"रोज, ताई?"

"दुखणं रोज येतं."

तो खुर्चीवर बसला. मग त्यानं मोबाईल काढला आणि शाळेत फोन लावला. "सर, नमस्कार. उद्यापासून जरा रजा हवी होती. ताप आहे सर मला, अंग मोडून..."

"खरं सांग," आई म्हणाली. तिचे डोळे मिटलेलेच होते, बोलणं तेलानं थोडं जड झालेलं.

सम्राटनं फोनवर हात ठेवला. प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञा त्याच्याकडे बघत राहिली आणि तिनं त्याला काहीही सुचवलं नाही.

"नाही सर," तो फोनमध्ये म्हणाला. "ताप नाही मला. आई आजारी आहे. तिला तेल द्यायला थांबायचंय. भांगेचं तेल." पलीकडून काही तरी विचारलं गेलं. सम्राटच्या मानेची शीर हलली. मग तो प्रत्येक अक्षर वेगळं ठेवत म्हणाला, "हो सर. बरोबर ऐकलंत. भांगेचंच."